दोन इंचांची फट, अर्धा रस्ता

संपादकांचा फोन एप्रिलच्या मध्यावर आला. अंकाचा विषय ‘सांधा’. कुटुंब, समाज, भाषा, काहीही घ्या म्हणाले. भाषेचं म्हणाल तर माझं आजोळ मैंदर्गीचं. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारं हे नगरपरिषदेचं गाव; महाराष्ट्र इथे संपत आलेला असतो आणि कर्नाटक हाकेवर. दुकानदार पैसे मराठीत मागतो आणि सुटे नाहीत हे कन्नडमध्ये सांगतो. या सांध्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी म्हटलं, मी खराखुरा सांधा बघून येते. पुलावरचा. गाडी पुलावर चढताना ‘खटक्’ वाजतो आणि उतरताना पुन्हा ‘खटक्’ वाजतो, तो.

हे सुचायला कारण मामा. सख्खे नव्हेत, आजोळच्या गल्लीतले. वीसेक वर्षं ते पुलांवर वेल्डिंग करतात. ठेकेदार बोलावेल तिकडे जायचं, सहा-सहा महिने बाहेर राहायचं, जत्रेला आणि पेरणीला घरी यायचं. कुठे असता असं विचारलं की गावाचं नाव कधीच सांगत नाहीत; “जॉइंटवर आहे” म्हणतात. लहानपणी मला जॉइंट हे एखाद्या तालुक्याचं नाव वाटायचं.

मेमध्ये ते सोलापूर जिल्ह्यातल्याच एका पुलावर होते. मैंदर्गीपासून तासाभराच्या अंतरावर. पुलाचं आणि ठेकेदाराचं नाव मी इथे देत नाही, मामांचंही देत नाही. तशी अट होती. “ठेकेदार बदलत्यात, पण सगळे एकमेकाला ओळखत्यात की,” एवढंच ते म्हणाले.

लांब होणारा पूल

कागदोपत्री मामांच्या या जॉइंटला प्रसरण सांधा म्हणतात. साइटवर कुणी असं म्हणत नाही. एक्स्पान्शन, नाहीतर नुसतं जॉइंट.

त्याची गरज सोलापूरकराला समजावून सांगावी लागू नये. डिसेंबरच्या पहाटे बारा अंश आणि मेच्या दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस, असा हा मुलूख. काँक्रीट एका अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षात बारा भागांनी वाढतं. ऐकायला नगण्य. पण ३० मीटरची तुळई आणि ३० अंशांचा फरक धरला की जवळजवळ ११ मिलिमीटर होतात. असे तीन गाळे सलग जोडलेले असले तर ३३. एवढी वाढ कुठेतरी मावायला हवी. नाही मावली तर पूल आपल्याच टोकाला डोकं आपटतो आणि काँक्रीटच्या कडा फुटतात. म्हणून दोन गाळ्यांच्या मध्ये फट ठेवतात, आणि त्या फटीवरून चाक जावं, पाणी मात्र खाली जाऊ नये, यासाठी जॉइंट.

जुन्या पुलांत यासाठी तांब्याचा पत्रा असायचा, काही ठिकाणी लोखंडी अँगल आणि त्यावर सरकणारी पट्टी. ती पट्टी सैल झाली की रात्रभर वाजते. पुलाजवळ राहणाऱ्यांना ट्रक रिकामा आहे की भरलेला, हे आवाजावरून कळतं. आता बहुतेक ठिकाणी दोन्ही कडांना पोलादी तुळ्या आणि त्यांच्या खोबणीत बसवलेलं रबर, असा प्रकार असतो. ८० मिलिमीटरपर्यंतच्या हालचालीला तो पुरतो. त्याहून मोठ्या पुलांना एकाआड एक पट्ट्यांचा जॉइंट लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी वेगळी पुस्तिकाच काढली आहे, एसपी ६९ क्रमांकाची.

पूल कित्येक दशकं चालावा अशी अपेक्षा असते, रबर त्याच्या आधी कितीतरी वेळा जातं. म्हणजे पूल एकदा बांधला तरी जॉइंट पुन्हापुन्हा बदलावा लागतो. आणि तो दरवेळी चालू रस्त्यावरच बदलावा लागतो. पूल बांधताना खाली नदी असते, वर फक्त कामगार असतात. जॉइंट बदलताना वर एसटी असते, डंपर असतो, लग्नाचं वऱ्हाड असतं. मामांच्या धंद्यातली जोखीम इथून सुरू होते.

कालनिर्णय आणि ब्लॉक

मी पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि साइटच्या कंटेनरमध्ये तरुण इंजिनिअर भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभा होता. मला वाटलं पगाराची तारीख बघतोय. तो गुरुवार मोजत होता.

या रस्त्यांवर बुधवारची रात्र वाईट. गुरुवार स्वामींचा, म्हणून बुधवारी रात्रीपासून अक्कलकोटची वाट धरणारे लोक पायी असतात, दुचाकीवर असतात, टेम्पोत दाटीवाटीने उभे असतात. पौर्णिमेला गाणगापूरची गर्दी. लग्नाची तिथी असली की डीजेच्या गाड्या. आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तर विषयच नको, कारण तेव्हा ऊस असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, चालवणारा दोन रात्री न झोपलेला. पावसाळ्यात काँक्रीट करता येत नाही. सगळं वजा केल्यावर वर्षात उरतात ते उन्हाळ्याचे दोन महिने आणि दसऱ्याच्या आसपासचे तीन-चार आठवडे. मुंबई-पुण्यात जी आखणी वाहतूक पोलीस आकड्यांवर करतात ती इथे पंचांगावर करावी लागते. यात हसण्यासारखं काही नाही. पूर्ण मुक्कामात मी पाहिलेला सुरक्षिततेचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता: सोमवारची रात्र निवडणं.

पूल दोन पदरी, डांबरी पट्टा साडेसात मीटरचा. वळणरस्ता नाही, नदीत पर्यायी वाट नाही. म्हणजे अर्धा पूल बंद, अर्ध्यावरून दोन्ही बाजूंची वाहतूक आळीपाळीने. काम करणारा माणूस आणि ट्रकचा आरसा यांच्यात हातभर अंतर.

मी मामांना विचारलं, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं देतात ना? देतात म्हणाले. दिलेलंही दिसत होतं; रोज रात्री काम सुरू होण्याआधी हेल्मेट घातलेल्या सगळ्यांचा एक फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. मग ते म्हणाले, “हेल्मेट डोक्यावर दगड पडला तर हाय. ट्रक अंगावर आला तर हेल्मेट काय करंल?”

काठी

पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक झेंडीवाला. एका टोकाला साठीला टेकलेले आजोबा, दुसऱ्या टोकाला वीस-बावीस वर्षांचा मुलगा. साइटवर झेंडीवाल्याचं काम सगळ्यात हलकं समजतात. ज्याला काँक्रीट फोडायचा ब्रेकर झेपत नाही आणि ज्याला अजून काही येत नाही, त्यांना झेंडी. मजुरीही त्याप्रमाणे. वास्तविक त्या रात्री बारा माणसांचे प्राण या दोघांच्या हातांत होते.

मोबाइलला रेंज धड नव्हती. वॉकीटॉकी होते, त्यातला एक चार्ज नव्हता. मग आजोबांनी आपली जुनी पद्धत काढली. वेताएवढी काठी, तिला लाल फडकं. दहा गाड्या सोडायच्या आणि अकराव्या, म्हणजे शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायची: “पल्याड पोरगं उभं हाय, त्याच्याकडं दे.” पोराच्या हातात काठी आली म्हणजे पूल रिकामा, आता त्याने आपल्या बाजूच्या गाड्या सोडायच्या आणि शेवटच्याबरोबर काठी परत पाठवायची. एकेरी रेल्वेमार्गावर इंजिन ड्रायव्हरला टोकन मिळायचं आणि ते हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे सुटायची नाही, तीच ही युक्ती. आजोबांना ती रेल्वेवरून सुचली का, असं विचारलं. नाही म्हणाले, कॅनॉलच्या पाळीवरून सुचली.

साडेअकराच्या सुमाराला एक मोटार काठी घेऊन पुढे गेली आणि तशीच निघून गेली. पोराने हात केला, शिट्टी मारली. काच खाली झाली नाही. आता त्याला कळेना की मागे अजून गाड्या आहेत की संपल्या. तो थांबला. त्याच्यामागच्या रांगेत हॉर्न सुरू झाले, एक टेम्पो रांग मोडून पुलावर घुसला, तेवढ्यात आजोबांनी वाट बघून बघून आपल्या गाड्या सोडल्या. पुलाच्या मध्यावर, उघड्या खड्ड्यापासून पाचेक हातांवर, टेम्पो आणि उसाच्या कांडीएवढा पातळ दिसणारा एक दुचाकीस्वार समोरासमोर. मागे एसटी. माणसं ब्रेकर टाकून कठड्याला चिकटली. कुणाला लागलं नाही. सगळं सुरळीत व्हायला वीस मिनिटं गेली. नंतर काठी म्हणून सळईचा तुकडा वापरला.

इथे एक हिशेब सांगते. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला थांबायला आपल्याकडच्या रस्ते-मानकांप्रमाणे १२० मीटर लागतात, १०० च्या वेगाला १८०. ब्रेक दाबण्याआधी डोळ्याने पाहणं आणि मेंदूने ठरवणं यातच अडीच सेकंद धरलेली असतात, आणि त्या अडीच सेकंदांत ८० च्या वेगाने गाडी पन्नासहून अधिक मीटर पुढे आलेली असते. म्हणजे खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेला नारंगी कोन ही सूचना नव्हे. पहिली सूचना शेकडो मीटर आधी हवी, मग वेग कमी करायला लावणारी, मग पदर अरुंद होत जाणारा तिरका पट्टा, मग मोकळी राखलेली जागा, आणि त्यानंतर माणूस. कामाच्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही पुस्तिका आहे, तिच्यात हे टप्पे आखून दिलेत. या पुलावर पाट्या होत्या. त्यातली सगळ्यात लांबची पाटी एका बाभळीच्या मागे होती. इंजिनिअरच्या ते लक्षात आणून दिलं तेव्हा तो स्वतः कोयता घेऊन गेला, हे नमूद करायला हवं.

धूळ, तारा, पाणी

पहिल्या रात्री कापणं आणि फोडणं. फटीच्या दोन्ही अंगांना खडूने रेषा मारून कटर मशीनने डांबर आणि काँक्रीट कापतात, मग मधला भाग ब्रेकरने फोडून काढतात. सळया मात्र तोडायच्या नसतात. नवा जॉइंट त्यांनाच बांधायचा असतो.

धूळ पहिल्या दोन मिनिटांत कळते. कटरला पाणी जोडलेलं होतं तोवर खाली राखाडी चिखल वाहत होता. टँकर बदलायला लागला तेवढा वेळ कोरडंच कापलं आणि फ्लडलाइटच्या उजेडात पांढरा पडदा उभा राहिला. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिचे जे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात ते पाच मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून कमी. तोंडाला बांधलेला ओला टॉवेल त्यांना अडवत नाही. नाकात जाणारी मोठी धूळ तेवढी थांबते आणि माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. सिलिकोसिस झाल्यावर बरा होत नाही. खाणींत आणि दगडफोडीत त्याची चर्चा होते. पुलावरच्या कटरवाल्याची होत नाही, कारण तो दर महिन्याला वेगळ्या जिल्ह्यात असतो. ‘पाणी संपलं की कटर बंद’ एवढा एक नियम पाळला तर अर्धं काम होईल. मास्क त्यानंतरचा.

ब्रेकर धरणाऱ्याचे हात काम थांबल्यावरही थरथरत होते. त्याने चहाचा कागदी पेला दोन्ही हातांनी धरला होता. अर्ध्या-अर्ध्या तासाने माणूस बदलायचा असं ठरलेलं होतं आणि बदलतही होते.

मला माहीत नव्हती ती जोखीम वेगळीच होती. मोठ्या पुलांच्या तुळयांत ताणलेल्या पोलादी तारा असतात आणि त्या तारांची टोकं जिथे पाचर मारून अडकवलेली असतात ती जागा म्हणजे तुळईचं टोक. जॉइंटही नेमका तिथेच. एकोणीस पदरी तारेच्या एका जुडग्यात दोनशे टनांहून अधिक ताण कोंडलेला असतो. ब्रेकरची छिन्नी तिथे घुसली किंवा वेल्डिंगची ठिणगी तारेवर पडून पोलाद कमजोर झालं, तर काय होईल हे सांगायला कुणी उरेल याची खात्री नाही. म्हणून जुन्या पुलाचा नकाशा हातात असल्याशिवाय खोल फोडायचं नाही. जुन्या पुलांचे नकाशे मिळणं हा आपल्याकडे संशोधनाचा विषय आहे. या पुलाचा मिळाला होता. झेरॉक्सची झेरॉक्स, पण आकडे वाचता येत होते. मामांनी तारांच्या जागेवर आधीच लाल रंगाने फुल्या मारून ठेवल्या होत्या.

फट म्हणजे दोन बाजू असलेली जागा, ही गोष्ट वर काम करताना विसरायला होते. वरून फोडलेला गोटा खाली पडतो. खाली नदी कोरडी होती आणि कोरड्या नदीत माणसं असतात: मेंढरांचा वाडा, वाळूवर झोपलेलं कुणी. इथे खाली पत्रे टाकून फट बंद केली होती आणि एक माणूस बॅटरी घेऊन वाळूत बसवला होता. रेल्वेवरच्या पुलाची गोष्ट मामांनी सांगितली. तिथे खाली २५ हजार व्होल्टची तार. वरून कटरचं चिखलपाणी धार धरून गळालं आणि तारेपर्यंत पोचलं तर ती धार म्हणजे वायरच. तिथे रेल्वेकडून गाड्यांचा आणि विजेचा, असे दोन्ही ब्लॉक मिळाल्याशिवाय कटरला हात लावत नाहीत. “रेल्वेचा ब्लॉक दोन तास म्हणजे दोनच तास,” मामा म्हणाले, “पण त्या दोन तासांत खरंच काय येत नाही. रस्त्याचा ब्लॉक सहा तास आणि सहाही तास गाडी येलालीय.”

हे वाक्य मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली.

उजाडायच्या आत

दुसरी रात्र जॉइंट बसवण्याची. पोलादी तुळ्या, त्यांना मागे जोडलेले अँकर, सगळं मिळून मीटरला चाळीस-पन्नास किलो. अर्ध्या पुलापुरता जॉइंटचा तुकडा हायड्रा क्रेनने उचलून खाचेत उतरवतात. हायड्राचा दांडा वळताना चालू पदराच्या डोक्यावरून जातो, म्हणून तेवढा वेळ दोन्हीकडची वाहतूक पूर्ण बंद. आजोबांनी दोन्ही हात पसरले आणि रस्त्यात उभे राहिले. ही पाच मिनिटं लोकांना फार जड जातात. एकाने विचारलं, “तुमचं काम दिवसा का करत नाही?” दिवसा केलं असतं तर त्याने विचारलं असतं, रात्री का नाही.

रात्रीला आणखी एक कारण आहे, आणि ते लोकांच्या सोयीचं नाही, पुलाच्या स्वभावाचं आहे. उन्हात पुलाचा वरचा थर तापलेला असतो, पोट थंड असतं आणि फट तासागणिक बदलते. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सगळा पूल जवळजवळ एका तापमानाला येतो. तेव्हा पुलाच्या अंगाखाली थर्मामीटर लावून तापमान घ्यायचं आणि त्यावरून दोन तुळ्यांमधलं अंतर ठरवायचं. मेमध्ये पूल फुगलेला, म्हणून फट कमी ठेवायची. हिवाळ्यात ती आपोआप उघडेल. इंजिनिअरने पट्टी लावून बघितलं, पन्नासला थोडं कमी. दोन इंच म्हणा.

मग मामांचं काम. तुळ्यांचे अँकर पुलाच्या सळयांना वेल्ड करायचे. दोन्ही तुळ्या एकमेकींना क्लॅम्पने बांधून आलेल्या असतात, हललं तर अंतर बिघडेल म्हणून. पण दोन्ही बाजूंचे अँकर पुलाला जोडले गेले की तेच क्लॅम्प शत्रू होतात. सूर्य वर आला, पूल ताणू लागला, आणि क्लॅम्प तसेच असले तर वेल्ड तुटतात, नाहीतर क्लॅम्पचा बोल्ट सुटून उडतो. म्हणून पुरते अँकर धरले की लगेच क्लॅम्प सोडायचे. उजाडायच्या आत. मामांची घाई या एका गोष्टीपुरती मला पटली. बाकी सगळी घाई माणसांनी लादलेली होती.

ते वेल्डिंग करत असताना त्यांच्याकडे बघू नको अशी मला तंबी होती. तरी त्या रात्री कुतूहलापोटी मी दोन-तीनदा बघितलंच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. मामींनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, वेल्डरांच्या घरचा तो पिढीजात उपाय. थंड वाटतं एवढंच. मामांच्या बरोबरचा पोरगा काचेऐवजी काळा गॉगल लावून काम करत होता. मामा त्याला ओरडले, “आंधळा होऊन बसशील बे.” त्याचं म्हणणं, काच लावली की खाली वाकल्यावर मागून येणारी गाडी दिसत नाही. ओरडणाऱ्याचं बरोबर होतं आणि पोराचंही. मागची गाडी दिसण्याची जबाबदारी त्याच्यावर पडली होती, ही चूक कुणाची?

वेल्डिंग, ओलं काँक्रीट, जनरेटर आणि घामाने भिजलेले हातमोजे एका जागी. जनरेटरच्या बोर्डावर तीस मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी होता. मामांनी काम सुरू करण्याआधी त्याचं बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं. त्यांनी स्वतःच्या पैशातून केलेली एकच खरेदी मला दाखवली: होल्डरला नवीन केबल. तुटकी केबल टेपने गुंडाळून चालवणाऱ्याबरोबर ते काम करत नाहीत.

पाचच्या सुमाराला काँक्रीट पडायला लागलं. शेजारून भरलेला डंपर गेला की पायाखाली पूल हलायचा आणि ओल्या काँक्रीटच्या अंगावर बारीक लाट उठायची.

कामगार नसलेली रात्र

यानंतरचे दिवस गोणपाटाचे. काँक्रीटवर ओली पोती आणि दिवसातून चार वेळा पाणी. आठवडाभर तरी अर्धा पूल बंद ठेवायचा. फ्लडलाइट दुसऱ्या साइटला गेले, हायड्रा गेला, माणसंही निम्मी गेली.

माझ्या मते सगळ्यात धोकादायक रात्र ती. काम चालू असताना उजेड असतो, आवाज असतो, माणसं दिसतात. काम थांबल्यावर उरतो तो अंधारात अर्धा अडवलेला पूल. झेंडीवाल्यांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न याच रात्री निघतो. इथे दोन्ही टोकांना लुकलुकणारे सोलर दिवे ठेवले होते आणि आजोबांना थांबवलं होतं. तिसऱ्या रात्री दोनपैकी एक दिवा चोरीला गेला. आजोबांनी त्या जागी कंदील ठेवला.

आनुषंगिक

मी परत आल्यावर निविदांचे कागद वाचायचा प्रयत्न केला. जॉइंटचा दर मीटरप्रमाणे असतो. फोडण्याचा, पोलादाचा, काँक्रीटचा हिशेब असतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या कामाच्या तपशिलांत कलम ११२ हे बांधकामादरम्यानच्या वाहतुकीचं आहे. पाट्या, कठडे, दिवे, झेंडीवाले सगळं त्यात सांगितलंय आणि चांगलं सांगितलंय. पैशाच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था कामाला आनुषंगिक आणि ठेकेदाराची जबाबदारी, असा त्याचा रोख. काही निविदांत आता वेगळी रक्कम ठेवतात. जिथे ठेवत नाहीत तिथे सगळ्यात कमी दर भरणारा ठेकेदार पहिली काटछाट कुठे करणार, हे सांगायला इंजिनिअर असावं लागत नाही. झेंडीवाला आनुषंगिक, दिवा आनुषंगिक.

मोठ्या दुर्घटनांनी आपलं लक्ष वेधलं जातं. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच महामार्गावर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पुलाच्या पृष्ठभागात ‘खिळे ठोकल्याचा’ व्हिडिओ फिरला. गाड्यांचे टायर फुटले होते. ते खिळे नव्हते. भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या, असा खुलासा रस्ते विकास महामंडळाने केला. लोकांनी त्यावर घातपातापासून भ्रष्टाचारापर्यंत सगळं बोलून घेतलं. मला त्यातला साधा प्रश्न महत्त्वाचा वाटला: दुरुस्ती चालू असलेल्या पट्ट्यात गाड्या पोचल्या कशा? त्या रात्री टायर फुटले. त्या पट्ट्यात वाकून बसलेला माणूस असता तर?

उलट उदाहरणही आपल्याकडचंच. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईत शीवच्या उड्डाणपुलाची बेअरिंग बदलायची होती. पूल आठवड्याच्या शेवटी सलग काही दिवस पूर्ण बंद, मग पुन्हा खुला, असे ब्लॉक आधी जाहीर करून घेतले. मुंबईच्या प्रवेशद्वारावर पूल बंद! शिव्या पुष्कळ बसल्या असतील. पण खाली-वर काम करणाऱ्याच्या कानाशी ट्रक नव्हता. शीवला जमतं ते आमच्या दोन पदरी पुलावर जमत नाही, कारण पर्यायी रस्ता नाही, हे खरं. पण रात्री दोन ते पाच पूर्ण बंद, हे तरी जमण्यासारखं आहे. त्या वेळात किती गाड्या जातात हे मी आजोबांशेजारी बसून मोजलं: दुसऱ्या रात्री एकोणपन्नास. एकोणपन्नास गाड्या तीन तास थांबवायची कुणाची तयारी नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वय अठरा ते साठ आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकाच बिल्डरकडे असणाऱ्या गवंड्याला तो सोपा. वर्षात पाच जिल्हे आणि चार ठेकेदार फिरणाऱ्या जॉइंटवाल्याला ९० दिवस कोण लिहून देणार? मामांनी जमवला. आजोबांचं वयच आता नोंदणीपलीकडे चाललंय.

बाकी अर्धा

दुसरा अर्धा भाग लगेच करायचा होता. पण वळीव आला, दोनदा आला, मग मिरगाच्या आधीच पावसाने जोर धरला आणि काम थांबलं. रबर अजून बसवलेलं नाही. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध घालायचं असतं, मध्ये जोड चालत नाही. म्हणून दुसऱ्या अर्ध्याचं पोलाद बसेपर्यंत त्याची गुंडाळी स्टोअरमध्ये पडून आहे. या पावसाळ्यात पुलाच्या नव्या अर्ध्यातूनही पाणी खाली गळलं.

आता तारीख दसऱ्यानंतरची, कारखान्यांचे बॉयलर पेटून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्याच्या आतली. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा कदाचित मामा पुलावर असतील आणि आजोबा टोकाला. दिवाळीच्या सुट्टीत अक्कलकोट-गाणगापूर करायला रात्री निघालात, आणि एखाद्या पुलाच्या तोंडाशी कुणी तुमच्या हातात लाल फडकं बांधलेला सळईचा तुकडा दिला, तर पलीकडे उभ्या असलेल्या पोराजवळ थांबा, काच खाली करा आणि तो त्याच्या हातात द्या. त्याच्या बाजूच्या गाड्या त्या तुकड्यावरच सुटतात.